तीन तबकड्यांचे पुनर्जन्म

पुस्तकाची नवी आवृत्ती हाती आली की आम्हां मराठीच्या मास्तरांची नजर आधी प्रस्तावनेकडे वळते. ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ हे शब्द दिसले की मन थोडे साशंक होते. सुधारले कोणी? लेखकाने स्वतः, की त्याच्या माघारी कुणा हितचिंतकाने? आणि पहिल्या आवृत्तीत जे होते त्याचे पुढे काय झाले?

हे प्रश्न आता पुस्तकांपुरते राहिलेले नाहीत. गाण्यांनाही ते विचारावे लागतात. जुन्या ध्वनिमुद्रिका घासूनपुसून, नव्या वेष्टनात पुन्हा बाजारात आणण्याचा मोठा व्यवसाय गेल्या काही दशकांत उभा राहिला आहे. त्यातले एकच उदाहरण घेतो, कारण त्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोचतो. ते म्हणजे जॉर्ज हॅरिसनचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा १९७० सालचा तीन तबकड्यांचा संच.

धाकट्या भावाची शिदोरी

हॅरिसन हा ‘बीटल्स’ या इंग्रज चौकडीतला वयाने सर्वांत धाकटा. १९६६ च्या सप्टेंबरात तो मुंबईला आला, तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. १९६८ च्या जानेवारीत पुन्हा आला आणि एच. एम. व्ही. च्या इथल्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन त्याने ध्वनिमुद्रणही केले. पण स्वतःच्या चौकडीत त्याची अवस्था एकत्र कुटुंबातल्या धाकट्या दिरासारखी होती. लेनन आणि मॅकार्टनी हे दोघे कर्ते. त्यांची गाणी पानात वाढून झाली की उरलेल्या जागेत जॉर्जची एखाद-दुसरी. या संचाला ज्याचे नाव दिले ते गाणेही त्याने १९६९ च्या जानेवारीत चौकडीपुढे ठेवले होते. तालमी झाल्या, पण गाणे तबकडीवर गेले नाही.

१९७० मध्ये चौकडी फुटली आणि हा साठा एकदम बाहेर आला. दोन तबकड्या गाण्यांच्या; तिसरी, वादक मंडळींनी जमून मनमोकळे वाजविलेल्या सुरावटींची. नोव्हेंबर १९७० मध्ये संच निघाला. त्यातले ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणे इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात ख्रिस्ती भजनातल्या घोषाला हरिनामाची जोड मिळते आणि गुरुपौर्णिमेला आपली मुले म्हणतात तो गुरुस्तवनाचा श्लोकही मध्येच कानी येतो. या गाण्याच्या चालीवरून पुढे खटला झाला. एका जुन्या अमेरिकन गाण्याची चाल त्याने अजाणता उचलली, असा निर्णय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. असो.

भिंत आणि खिडक्या

या संचाचा सहनिर्माता फिल स्पेक्टर. त्याची पद्धत ‘ध्वनीची भिंत’ म्हणून प्रसिद्ध आहे. एकेका वाद्यावर अनेक वादक बसवायचे, सर्वांना एकदम वाजवायला लावायचे आणि त्यावर प्रतिध्वनीचा दाट लेप द्यायचा. वाद्ये सुटी ऐकू येत नाहीत. मोठ्या देवळाच्या सभामंडपात आरती चालावी तसा एकच घुमारा कानांवर येतो. गायकाचा आवाज त्या घुमाऱ्याच्या आत कुठेतरी असतो.

आता नव्या आवृत्त्यांचे रहस्य कळायला थोडे स्वयंपाकघरात जावे लागेल. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गळा, गिटार, ढोल हे फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर उतरतात. ही झाली चिरून ठेवलेली भाजी. मग त्यांचे प्रमाण ठरवून दोन वाहिन्यांवर मिश्रण करतात, म्हणजे भाजी शिजते. रीमास्टर करणारा या शिजलेल्या भाजीला हात लावतो. खरखर कमी करणे, खर्ज-तार स्वरांचा तोल सांभाळणे, एकूण आवाजाची पातळी ठरविणे एवढेच त्याच्या हाती असते. पडलेले मीठ त्याला काढता येत नाही. रीमिक्स करणारा मात्र चिरलेल्या भाजीपासून पुन्हा सुरुवात करतो. गायकाला पुढे आणणे, ढोल मागे सारणे, वरून घातलेला घुमारा कमी करणे त्याला शक्य असते. मात्र जो प्रतिध्वनी वाजवतानाच मूळ पट्टीत मुरला, तो त्यालाही निघत नाही.

दोन्हींत धोके आहेत. हळू आणि मोठा यांतले अंतर दाबून सगळेच मोठे करण्याची खोड कॉम्पॅक्ट डिस्कच्या काळात फार बोकाळली. ऐकणारा पहिल्यांदा चमकतो आणि अर्ध्या तासात थकतो. खरखर काढण्याचेही तसेच. लाखेच्या जुन्या तबकडीवरची खरवड जास्त पुसायला गेले, की तिच्याबरोबर गायकाचा श्वास आणि सुराची कडही जाते. बालगंधर्वांची पदे जुन्या तबकडीवर ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

हॅरिसनने २००१ च्या आरंभी, हयातीतच, या संचाची नवी आवृत्ती काढली. तो दाट प्रतिध्वनी त्याला आता अति वाटत होता आणि सोबतच्या टिपणात त्याने तसे लिहिलेही. पुन्हा मिश्रण करण्याचा मोह त्याला होता, पण मूळ मिश्रण त्याने राहू दिले. रीमास्टर केले, काही अप्रकाशित गाणी जोडली आणि ‘माय स्वीट लॉर्ड’ नव्याने गाऊन, जुन्याच्या जागी नव्हे तर जुन्याच्या जोडीला ठेवले. मुखपृष्ठाची गंमत वेगळीच. मूळ चित्रात तो आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर बागेतल्या बुटक्या पुतळ्यांमध्ये बसलेला आहे. ते कृष्णधवल चित्र त्याने रंगीत केले, आणि पुढच्या चित्रांतून त्या बागेभोवती कारखाने आणि उड्डाणपूल चढत गेलेले दाखविले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो गेला.

२०१४ मध्ये मूळ मिश्रणाची आणखी एक स्वच्छ आवृत्ती निघाली. मग ऑगस्ट २०२१ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, त्याचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली पॉल हिक्स यांनी सबंध संचाचे नवे मिश्रण केले. वडिलांची इच्छा मुलाने पुरी केली, असेच त्याविषयी सांगितले गेले. मी ते लक्षपूर्वक ऐकले. स्पेक्टरची भिंत पाडलेली नाही; तिला खिडक्या पाडल्या आहेत. गळा पुढे आला आहे, शब्द स्पष्ट झाले आहेत.

याच आवृत्तीत माझ्या मते खरे धन आहे ते निराळे. १९७० च्या मे महिन्यात, २६ आणि २७ तारखेला, हॅरिसनने ३० गाणी कच्ची म्हणून दाखविली होती. पहिल्या दिवशी साथीला दोघे होते. दुसऱ्या दिवशी एकटा तो, एक गिटार आणि समोर ऐकायला स्पेक्टर. ती गाणी इथे आहेत. कवीच्या वहीतला पहिला खर्डा पाहायला मिळावा तसा हा आनंद. उलट सर्वांत महागडा प्रकार लाकडी पेटीत, सुमारे हजार डॉलर किमतीला निघाला. त्यात बागेतल्या बुटक्यांच्या प्रतिकृती होत्या आणि रुद्राक्षही होते! ‘सारे काही सरून जाते’ अशा नावाची गाणी आणि त्यांच्याभोवती हा संग्रह, यावर एखादा अभंगच व्हायचा.

पाठ कोणाचा खरा?

आमच्या घरी यावर दोन पक्ष पडले आहेत. माझी अकरावीतली कन्या म्हणते, “बाबा, नव्यात तो माझ्या शेजारी बसून गातोय. तुमच्या जुन्यात तो कुठूनतरी लांबून हाका मारतोय.” निरीक्षण अचूक आहे. पण ते लांबून येणेच मला मोलाचे वाटते. १९७० मधला हॅरिसन २७ वर्षांचा होता. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलेला हा मुलगा प्रथमच एकटा पुढे आला, तो वीस माणसांचा गलबला भोवती घेऊन. शिवाय नामस्मरणाचे गाणे गर्दीतूनच यायचे. नव्या मिश्रणात प्रौढ हॅरिसनची इच्छा आहे, जुन्यात तरुण हॅरिसनचे धाडस आहे. कन्येला मी हे सांगितले. ती म्हणाली, “मग दोन्ही ठेवू या ना!”

मला वाटते, न्याय तिनेच दिला. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मागाहून शिरलेले अपपाठ काढले आणि त्यात कोणी स्वतःची भर घालू नये असे बजावून ठेवले. संपादकाचा धर्म तोच. धूळ झाडावी, पण आपण झाडली ती धूळच होती ना, हे पुढच्यांना पडताळता यावे म्हणून मूळ प्रत शेजारी असू द्यावी. मुलाने बापाच्या इच्छेखातर नवे मिश्रण करावे, यात गैर काहीच नाही. गैर होईल ते नव्याने जुन्याला दुकानातून आणि स्मृतीतून हुसकून लावले तर.

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून जुन्या तबकड्यांचा आणि कॅसेटींचा एखादा खोका खाली येईलच. ‘हे सगळे आता फोनवर मिळते’ असे म्हणून तो रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी वाचकांनी जरा थांबावे. फोनवर जे मिळते ते कितव्या आवृत्तीचे, कोणी शिजविलेले, हे आधी ऐकून पाहावे. आपल्या वडिलांनी जे गाणे ऐकले ते कदाचित त्या खोक्यातच असेल, आणि मुलांनाही ते एकदा तसेच ऐकवायला हवे.