पहाटपाळीचे शरीरशास्त्र

छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत, जिथे चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील पाळ्या सांभाळणाऱ्या आईवडिलांना सकाळची अर्धा तास झोपही मोलाची वाटते, तिथे पहाटे जागे झालेले तान्हे बाळ बहुधा आजीच्या किंवा आजोबांच्या मांडीवर जाते, आणि या रिवाजामागे घरच्या सोयीइतकेच शरीरशास्त्रही आहे. मेंदूच्या तळाशी, दृष्टितंतू एकमेकांना छेदतात त्याच्या किंचित वर, चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असून उजेड-अंधाराची दखल घेत तो झोपेचे आणि शरीराच्या तापमानाचे सुमारे २४ तासांचे चक्र चालवतो. हेच शरीराचे मुख्य जैविक घड्याळ होय.

नवजात बाळात या घड्याळाची लय अजून बसलेली नसते, कारण मेलाटोनिन, म्हणजे अंधार पडल्यावर स्रवून शरीराला रात्रीची वर्दी देणारे संप्रेरक, ठरावीक वेळी स्रवू लागायला साधारण तीन महिने लागतात आणि तोवर झोप दिवसरात्र तुकड्यातुकड्यांनी होते. उतारवयात तेच घड्याळ पुढे सरकते, गाढ झोप घटते, आणि दिवेलागणीनंतर पेंगणारे आजोबा चार-पाचलाच टक्क जागे होतात. याला सरसकट निद्रानाश ठरवून गोळ्यांकडे वळणे मात्र घाईचे ठरेल.

टांझानियातील हाड्झा या शिकारी-संकलक समाजातील ३३ प्रौढांच्या झोपेची डेव्हिड सॅमसन आणि सहकाऱ्यांनी सुमारे २० दिवस नोंद घेतली, तेव्हा सर्व जण एकाच वेळी झोपलेले असा काळ एकूण अवघा १८ मिनिटे भरला. या झोपवेळांच्या फरकाला वयाचा मोठा हातभार असल्याने, वृद्धांची हलकी झोप ही पूर्वी टोळीची आपसूक राखण असावी, असा तर्क त्यांनी २०१७ मध्ये मांडला. नोंद एका लहान गटाची असल्याने तो तर्क म्हणूनच घ्यावा, तरी तो पटण्याजोगा आहे.

मांडीचाही एक फायदा आहे: नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचेच त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते, आणि दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतलेल्या बाळापासून वाकलेल्या आजीचा चेहरा जेमतेम तेवढ्याच अंतरावर येतो.

छत्रपती संभाजीनगर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सुमारे सात अंश पश्चिमेला असल्याने सूर्य इथे घड्याळाच्या मानाने जवळपास अर्धा तास मागे असतो व जानेवारीत सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पाचची ही बैठक अंधारातच होते. अशा वेळी ट्यूबलाइट लावली, तर पहाटेचा प्रखर उजेड आजोबांचे घड्याळ आणखी पुढे सरकवू शकतो, म्हणून मंद दिवा बरा. उलट संध्याकाळी उजेडात मारलेली फेरी ते थोडे मागे खेचायला मदत करते.