शिंगराच्या नळीवरची जखम

सारंगखेड्याच्या बाजारात घेतलेलं दीड वर्षाचं शिंगरू नव्या जागी बुजतं, काटेरी तारेत पाय अडकवतं आणि नळीवरची कातडी फाटते. गुडघ्याखाली घोड्याला मांस जवळजवळ नसतंच. कातडी, तिच्याखाली शिरा-कंडरा आणि लगेच हाड. रक्तपुरवठा बेताचा आणि पाय सतत हलता, त्यामुळे इथली जखम भरायला फार वेळ घेते.

आधी जखम घरी सांभाळण्यासारखी आहे का, ते ठरवा. ती सांध्याजवळ असेल, पिवळसर चिकट पाणी झिरपत असेल, हाड दिसत असेल किंवा शिंगरू पाय टेकत नसेल, तर पशुवैद्य तातडीने हवा. टाके घालायचे असतील तर पहिले 6 ते 8 तास मोलाचे. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनाचं त्याच दिवशी विचारा. या रोगाला घोड्याइतकं नाजूक जनावर क्वचितच असेल.

धुताना मोहरकी धरणारा आणि धुणारा एकाच बाजूला उभे राहावेत, म्हणजे शिंगरू बिथरलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकायला जागा राहते. गुडघे टेकून बसू नका, उकिडवे राहा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चमचा, घाला. बिनसुईच्या सिरिंजने ते पाणी जखमेवर मारा, माती सुटेपर्यंत. मग जखमेवर ओली जाळी ठेवून भोवतालचे केस कापा. हळद, चुना, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. त्यांनी नाजूक पेशी दुखावतात. पोव्हिडोन आयोडीन लावायचंच तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून.

पट्टी बांधण्यात खरं कसब आहे. जखमेला न चिकटणारी जाळी, त्यावर कापसाचा जाड, सारखा थर, वर क्रेप पट्टी. कापूस कमी आणि ताण एकाच जागी पडला तर कंडरेला इजा होते. सुरुवातीला रोज किंवा एक दिवसाआड पट्टी सोडून बघा. पावसाळ्यात माश्या बसल्या की अळ्या पडतात, तेव्हा जखम उघडी ठेवू नका.

काही दिवसांनी तळाला लाल, दाणेदार मांस येतं. ते चांगलंच. पण कातडीच्या पातळीवर चढलं की कडेची नवी कातडी अडते. पायावर ही कातडी दिवसाला जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच सरकते. फाजील मांस जाळायला लोक मोरचूद लावतात, त्यात तीही जळते. ते मांस डॉक्टरांनीच छाटावं. त्याला संवेदना नसते, पण रक्त भरपूर येतं.