क्लास नको, मॅन्युअल उघडा!

सकाळचे दहा. ऑफिसचं इंटरनेट ठप्प. अख्खा फ्लोअर एकाच टेबलाकडे बघत बसलेला. तिथला आयटीवाला काळ्या स्क्रीनवर चार ओळी टाईप करतो आणि पाच मिनिटांत सगळ्यांचे मेल सुरू! 'याने कुठला क्लास केला असेल?' असा प्रश्न पडतो ना? बऱ्याचदा उत्तर असतं, कुठलाच नाही. त्याने मॅन्युअल वाचलेलं असतं!

नेटवर्किंग आणि सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या अभ्यासाचं मूळ साहित्य जवळपास सगळंच खुलं आहे, तेही फुकट. अडचण एवढीच की ते वाचायचं कसं, हे कुणी सांगत नाही. हेल्पडेस्कवर लोकांचे पासवर्ड रिसेट करून कंटाळला असाल आणि पुढची पायरी खुणावत असेल, तर हे खास तुमच्यासाठी.

'मॅन'शी मैत्री

लिनक्सच्या टर्मिनलवर 'मॅन' लिहा, पुढे कमांडचं नाव टाका. तिची माहितीपुस्तिका समोर हजर! ही परंपरा १९७१ची. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं पहिलं मॅन्युअल लिहिलं, तेव्हापासूनची.

या पुस्तिकांचे विभाग असतात. १ म्हणजे रोजच्या कमांड, ५ म्हणजे फाइलींची रचना, ८ म्हणजे अ‍ॅडमिनची हत्यारं. 'मॅन पासडब्ल्यूडी' विचारलंत तर पासवर्ड बदलायची कमांड कळते. 'मॅन ५ पासडब्ल्यूडी' विचारलंत तर युजर्सची यादी ठेवणारी फाइल उलगडते, कोलनने तोडलेल्या सात रकान्यांसकट.

नवखे पहिल्या ओळीपासून वाचत सुटतात आणि तिसऱ्या स्क्रीनवर पेंगायला लागतात. तसं करू नका. आधी वरची एका ओळीतली ओळख वाचा, मग थेट तळाशी जाऊन उदाहरणं असतील तर ती बघा. मधल्या ऑप्शन्सकडे गरज पडेल तेव्हाच वळा. चौकटी कंसात दिसेल ते ऐच्छिक, एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मी भीती पळते.

इंटरनेटचं रूलबुक

७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने एक टिपण काढलं आणि त्याला नम्रपणे नाव दिलं 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स', म्हणजेच आरएफसी. आज इंटरनेटचे बहुतेक नियम याच मालिकेत सापडतात. घरच्या राऊटरचा पत्ता बहुधा १९२.१६८ने का सुरू होतो? १९९६ची आरएफसी १९१८ उघडा. खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले पत्ते तिथे दिलेत.

एक काळजी मात्र घ्या. आरएफसी जुनी झालीय का, ते आधी तपासा. टीसीपीची १९८१ची प्रसिद्ध आरएफसी ७९३ होती. २०२२मध्ये ९२९३ने तिची जागा घेतली.

आणि हो, हे वाचन रुक्षच असतं असं नाही! १ एप्रिल १९९०च्या आरएफसी ११४९मध्ये कबुतरांकरवी डेटा पाठवायचे नियम आहेत. २००१मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काही उत्साही मंडळींनी ते खरंच करून पाहिलं. नऊ पॅकेट पाठवली, चारांची उत्तरं आली!

वाचा आणि मोडा

नुसतं वाचून पोहता येत नाही. लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात दोन लिनक्स मशीन उभी करा आणि एकमेकांशी बोलायला लावा. बोलायला लागली की मुद्दाम बिघडवा. मग खालून वर चढत जा. मशीनला आयपी मिळालाय? गेटवेला पिंग जातंय? बाहेरच्या ८.८.८.८ला जातंय? तिथे जातंय, पण नावाने साइट उघडत नाही? मग संशयित नंबर एक, डीएनएस. दहा वेळा केलंत की ऑफिसात नेट गेल्यावर तुमचा हात आपोआप योग्य कमांडवर जाईल.

'एआयला विचारलं की झालं!' असं म्हणाल. विचारा की! पण त्याने सुचवलेला ऑप्शन कधीकधी अस्तित्वातच नसतो. मॅन पेजवर पडताळल्याशिवाय एंटर दाबू नका. शिवाय रात्री दोन वाजता सर्व्हरचं नेटवर्कच गेलं, तर कुणाला विचारणार? मॅन पेज तेव्हाही त्याच मशीनच्या डिस्कवर असतं.

कंपन्यांनाही हेच हवंय. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवायचं असतं. इंटरनेट बंद. पण सिस्टीमसोबत आलेलं डॉक्युमेंटेशन मात्र उघडता येतं. थोडक्यात, पाठांतराला नाही, शोधता येण्याला मार्क!

सुरुवात अशी करा

* आठवड्याला एकच विषय. आधी आयपी, मग डीएनएस, डीएचसीपी, एसएसएच.
* कमांड मारण्याआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहा. चुकला तर पुस्तिकेत कारण शोधा.
* कुठलीही फाइल बदलण्याआधी तिची कॉपी ठेवा.
* इंग्रजी जड वाटलं तर घाबरू नका. तेच ते शब्द फिरून फिरून येतात.
* प्रयोग ऑफिसच्या सर्व्हरवर? चुकूनही नाही. नाहीतर अख्खा फ्लोअर तुमच्या टेबलाकडे बघेल, पण वेगळ्याच नजरेने!