परसातील हौदाचे पाणी

लोणारच्या सरोवराचे पाणी पूर्वी इतके क्षारयुक्त होते की त्यात मासा तग धरीत नसे. परंतु त्याच बुलढाणा जिल्ह्यात, डासांच्या बंदोबस्तासाठी परसातील हौदात जे गप्पी मासे सोडले जातात, त्यांचे क्षेम चिंतणाऱ्या गृहस्थाने पाणी नुसते निर्मळ दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया हे विष अविरत सुटत असते. हौदाच्या भिंतींवरील बुळबुळीत थरात वसती करून राहिलेले जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि ते पाणवनस्पती शोषून घेतात. म्हणून भिंती घासून लख्ख करणे आणि सारे पाणी एकदम उपसणे हा, माझ्या मते, त्या मुक्या जिवांवर उघड अन्याय आहे. आठवड्यास फार तर पाचवा हिस्सा पाणी बदलावे, आणि नळाचे पाणी, त्यातील क्लोरीन उडून जावे यास्तव, दिवसभर उघडे ठेवूनच ओतावे.

खरी कसोटी वैशाखात लागते. पाणी 30 अंशांपर्यंत तापले की त्यात प्रतिलिटर जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. त्यातूनही हिरवे शेवाळ रात्रभर आपला वाटा उचलते, आणि पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे वासू लागतात. अशा वेळी त्या दिवसाचे खाद्य तहकूब करावे, हौदातलेच पाणी बादलीने उंचावरून पुन्हा त्यातच सोडीत राहावे, आणि दुपारपूर्वी निम्म्या हौदावर तट्ट्याची सावली धरावी.