जुन्या इंजिनाचं इनटेक गॅस्केट

जर्मनीत तीस वर्षं जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला १९९७पासून ‘एच’ अक्षराची नंबरप्लेट मिळू शकते. तिथे अशा गाड्यांची इंजिनं हौसेने पुन्हा बांधली जातात. इनटेक मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं गॅस्केट गळलं, की जास्तीची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आयडलिंग अडखळतं. गॅस्केट इंजिन क्रमांकानुसारच घ्यावं. आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने पृष्ठभाग तपासावा. तो वाकला असेल तर मशीनिंगच करावं, सीलंटचा थर नको. साधं सिलिकॉन पेट्रोलने फुगतं, त्याचे तुकडे आत ओढले जातात. नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळावेत. आणि हे कळकळीने सांगायला हवं: जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर १९९३मध्ये बंदी आली. त्याआधीच्या गॅस्केटमध्ये ते असू शकतं, म्हणून असं गॅस्केट कोरडं खरवडू नका. ओलं करून, योग्य मास्क लावूनच काढा.