जंगलातले उंदीर आणि त्यांचे भाऊबंद

बांधावर बिळे दिसली की आपण म्हणतो, "उंदीर माजले!" आणि बाजारातून विषारी औषध आणतो. पण उंदीर म्हणजे काही एकच प्राणी नव्हे. कोण कोणत्या कुळातला आणि कोठे राहणारा, हे ठाऊक असले म्हणजे कोणाचा बंदोबस्त करायचा व कोणाच्या वाटेस जायचे नाही, हे कळते. सह्याद्रीच्या जंगलाला लागून ज्यांच्या बागा आहेत, त्यांनी तर हे जाणून घ्यावेच.

कुरतडणाऱ्या या सर्व प्राण्यांच्या गणाला 'कृंतक' म्हणतात. वर दोन व खाली दोन पटाशीचे दात, जन्मभर वाढणारे, ही त्यांची खूण. दाताची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असते. मागची आधी झिजते, म्हणून धार सुताराच्या पटाशीसारखी कायम राहते. जगातील सस्तन प्राण्यांच्या सुमारे ४० टक्के जाती याच गणातल्या आहेत. चिचुंद्री मात्र त्यांत नाही. ती किडे खाणाऱ्यांच्या गणातली. ससाही नाही. त्याच्या वरच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात असतात.

सह्याद्रीच्या जंगलात कृंतकांची चार कुळे आढळतात.

पहिले खारींचे. शेकरू हा त्यातलाच. तो भारताबाहेर कोठेही नाही. तो उंच झाडांवर घरटी बांधतो आणि फांद्याफांद्यांवरूनच फिरतो. मधली झाडे तुटली की त्याची वाटच बंद होते. त्याचे भाऊबंद श्रीलंकेपासून बोर्निओपर्यंतच्या जंगलांत आहेत.

दुसरे उंदरांचे. घरातला उंदीर व शेतातली घूस याच कुळातली. पण पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर जंगलात राहतो.

तिसरे साळिंदराचे. तो जंगलात राहतो, तसा माळावरही राहतो आणि रात्री कंदमुळे उकरतो.

चौथे काटेरी डॉरमाउसचे. झाडाच्या ढोलीत राहणारा, पाठीवर चपट्या काट्यांचा हा लहानसा प्राणी फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात सापडतो. त्याचे जवळचे नातलग थेट दक्षिण चीन व व्हिएतनाममध्ये आहेत! मधल्या मुलखात कोणी नाही. एका जुन्या, दूरवर पसरलेल्या घराण्याच्या या उरलेल्या शाखा होत. येथले जंगल गेले तर ही शाखाही जाईल.

आता आरोग्याची गोष्ट. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू प्रथम सापडला. २०१५ साली हा ताप गोव्यात सत्तरीत आला आणि २०१६ साली सिंधुदुर्गात. तो पसरवतात गोचिडी. लहान गोचिडी रानउंदीर, खारी व चिचुंद्री यांचे रक्त पितात. हे प्राणी आजारी दिसत नाहीत, पण विषाणू त्यांच्यामुळे जंगलात टिकून राहतो. माकडे मात्र मरतात आणि माणूस तापाने पडतो. रानउंदीर आपल्या घरी येत नाही. काजू, सरपण वा पालापाचोळा गोळा करायला आपणच त्याच्या घरी जातो.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत जंगलात जाताना अंगभर कपडे घाला. परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंगावर गोचीड आहे का ते पाहा. मेलेल्या माकडाला हात लावू नका. आरोग्य केंद्रास कळवा. जंगलात जाऊन आल्यावर जोराचा ताप व डोकेदुखी सुरू झाली तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

घरच्या उंदरांसाठी धान्य झाकून ठेवा, बिळे बुजवा, पिंजरे लावा. जंगलाच्या कडेला मात्र विषारी दाणे टाकू नका. ते दाणे घूस खाईल, तशीच खार खाईल आणि पाखरेही खातील. विषाला कूळ ओळखता येत नाही. ते आपल्यालाच ओळखावे लागते.