जुन्या गाडीचे स्टिअरिंग आणि बारीक मापाचा टॉर्क पाना

आम्ही कापडवाले. पण घरात जुनी पद्मिनी असली की मिस्त्रीकडेही बसावे लागते. एकदा स्टिअरिंग बॉक्स अंदाजाने आवळला गेला. घाटात वळण संपले तरी स्टिअरिंग सरळ येईना. बायका-मुले गाडीत होती. म्हणून गॅरेजवाल्या भावांसाठी हे लिहितो.

स्टिअरिंग बॉक्समधील बेअरिंगवर थोडा दाब ठेवावा लागतो. कमी पडला तर स्टिअरिंगमध्ये ढिलाई येते, जास्त झाला तर ते जाम होते. हा जोर इंच-पौंडात मोजतात. १० इंच-पौंड म्हणजे जेमतेम १.१ न्यूटन-मीटर! चाकाचे नट आवळायच्या मोठ्या पान्यावर तो पाहणे म्हणजे पोत्याच्या काट्यावर केशर तोलणे.

दुकानदार आधी 'टक' वाजणारा पाना पुढे करतो. नट आवळायला तो उत्तम. इथे मात्र ड्रॉप आर्म सोडवून, शाफ्ट हळू फिरत असताना लागणारा जोर वाचायचा असतो. त्यासाठी काट्याचा किंवा डायलचा पाना घ्यावा, आणि गाडीच्या पुस्तकातला आकडा त्याच्या मापाच्या मधोमध येईल असा निवडावा.

तूर्त ऐपत नसेल तर स्प्रिंगकाटा चालतो. स्टिअरिंगच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर दोरी बांधून काटकोनात ओढा. फिरताना अर्धा किलो दाखवला तर १० किलो-सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८.७ इंच-पौंड.